किटची वाईन मुरते तेव्हा

घरी वाईन करायला द्राक्षाचा रस, यीस्ट आणि लागणाऱ्या पुड्या ज्यात एकत्र मिळतात त्या वाईन किटच्या खोक्यावर आठवडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. कुठे चार, कुठे सहा, द्राक्षांची सालं घालायच्या किटवर आठ. तेवढ्या वेळात रस आंबतो, निवळतो आणि बाटलीत भरता येतो, हे खरंच आहे. पण बाटलीत भरली म्हणजे प्यायला झाली असं समजून जो पहिल्याच आठवड्यात बूच काढतो, त्याचा हिरमोड ठरलेला. घरी वाईन करायला घेतलेले कितीतरी जण त्या एका ग्लासावरून किटच्या वाईनला कायमचं नापास करून टाकतात. हा निकाल फार घाईचा आहे, असं मला मनापासून वाटतं. एक रेड आणि एक व्हाइट, अशा दोन किटच्या वाईन मी दोनेक वर्षं थोड्याथोड्या चाखत गेले आणि दर वेळी वहीत नोंद करत गेले. त्या काळात वाईनमधून काय काय गेलं, कशाला किती वेळ लागला आणि काय अजिबात हललं नाही, ते सांगते.

रेड होती कॅबर्ने सोव्हिन्यॉन, सोबत सालांची वेगळी पिशवी असलेलं भारी किट. व्हाइट होती सोव्हिन्यॉन ब्लाँ. दोन्ही नेहमीच्या मापाची, म्हणजे 23 लिटरची. त्यातून 750 मिलिलिटरच्या तीसएक बाटल्या निघतात. पिशवीत रस आणि आटवलेला रस एकत्र येतो. पाणी घालून तो मापावर आणायचा, बेंटोनाइट (वाईन निवळवणारी माती) कालवायचं, यीस्ट टाकायचं. साखर आणि आम्ल कारखान्यातच जुळवून दिलेलं असतं, त्यामुळे या टप्प्यावर आपल्या हाती मुख्यतः स्वच्छता आणि तापमान एवढंच असतं. रेडचं हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचं) पहिलं माप 1.092 होतं आणि आंबणं थांबलं तेव्हा 0.994, म्हणजे अल्कोहोल 13 टक्क्यांच्या आसपास. आंबवण्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. सूचना नीट पाळल्या तर तो भाग किट स्वतःच पार पाडतं.

बाटल्या भरायच्या दिवशी रेडचा पहिला घोट घेतला. रंग सुरेख, गडद जांभळा. नाकाला आधी यीस्टचा पिठूळ वास, मागोमाग सल्फाइटची, म्हणजे वाईन टिकवायला घालतात त्या गंधकाच्या क्षाराची, झिणझिण, मग ताज्या लाकडाचा भुसा. फळाचा वास होता, पण या सगळ्याच्या मागे कुठेतरी दबलेला. घोट तोंडात आल्यावर जीभ चुरचुरली, हिरड्या आवळल्या आणि गिळल्यानंतर मागे काहीच रेंगाळलं नाही. याला सगळे सरसकट ‘किटची चव’ म्हणतात. पण ती एक चव नसते. पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी तोंडात येतात, आणि त्यांतली प्रत्येक आपापल्या वेळेला निघून जाते. वाईन मुरणं म्हणजे बऱ्याच अंशी हे निघून जाणं आहे. काळ वाईनमध्ये भर घालतो ती थोडी. काढून घेतो ते पुष्कळ.

सगळ्यांत आधी जायला हवा तो वायू. आंबून झालेल्या वाईनमध्ये कार्बन डायऑक्साइड लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम विरघळलेला असतो. तो जिभेला टोचतो, आंबटपणा असतो त्याहून तीव्र भासवतो आणि गाळही लवकर बसू देत नाही. म्हणून किटच्या सूचनांमध्ये वाईन जोरजोरात ढवळून वायू काढायला सांगतात. ड्रिलला दांडी लावून मी तो काढला, फेस येणं थांबेपर्यंत. तरी थोडा उरतोच. गार वाईन वायू धरून ठेवते, म्हणून हे काम वाईन 22-24 अंशांवर असताना केलं तर लवकर होतं. उरलेल्या वायूचा मोठा भाग वाईन कार्बॉयमध्ये, म्हणजे निमुळत्या मानेच्या मोठ्या बाटलीत, नुसती ठेवली की एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) आपोआप जातो. बाटलीत मात्र त्याला वाट नसते. बुचाखाली अडकलेला वायू महिनोनमहिने तिथेच राहतो, आणि मग वर्षभर मुरवलेली वाईनसुद्धा जिभेला कच्ची लागते.

म्हणून रेडचे मी दोन भाग केले. अर्धी वाईन सूचनांप्रमाणे लगेच बाटल्यांत भरली. अर्धी एका लहान काचेच्या कार्बॉयमध्ये काठोकाठ भरून ठेवून दिली, वर एअरलॉक. काठोकाठ हे महत्त्वाचं. वर मोकळी जागा राहिली की तिथली हवा वाईनच्या पृष्ठभागावर काम करायला लागते, आणि मोठ्या भांड्यात ते काम लवकर नजरेस येत नाही. मान निमुळती होते तिथवर वाईन हवीच. कमी पडली तर त्याच जातीची दुसरी वाईन ओतून भरून काढायची. एअरलॉकमधलं पाणी सुकतं, तेही अधूनमधून बघावं लागतं.

आता सल्फाइट. लांब ठेवायची वाईन असेल तर या विषयातून सुटका नाही. किटबरोबर आलेल्या पुडीतलं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लवकर प्यायच्या वाईनपुरतं असतं. बऱ्याच किटच्या सूचनांमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं, की सहा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर पाव चमचा आणखी घाला. पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम. त्यातला 57 टक्क्यांच्या आसपास भाग सल्फर डायऑक्साइड, म्हणजे 23 लिटरमध्ये लिटरमागे 35-37 मिलिग्रॅमची भर. यातला काही भाग लगेच वाईनमधल्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला आणि इतर पदार्थांना चिकटून जातो. राहतो तो मोकळा सल्फाइट वाईनचं राखण करतो. तो किती लागेल हे पीएचवर, म्हणजे वाईन किती आम्लधर्मी आहे त्यावर, ठरतं. पीएच 3.2 असेल तर लिटरमागे 21 मिलिग्रॅम मोकळा सल्फाइट जे रक्षण देतो, त्यासाठी पीएच 3.5 ला 40 लागतात. आकडा थोडासा हलला की गरज दुप्पट होते. पीएच मोजायचं साधन घरात नसेल तर ठेवणीच्या वाईनसाठी ते घ्यावंच, असं माझं ठाम मत आहे.

या जादा सल्फाइटमुळे नव्या वाईनला ओढलेल्या काडीचा वास येतो. तो पाहून घाबरायचं कारण नाही, मुरण्यात तो पहिल्या काही महिन्यांतच मंदावतो.

बूच निवडताना मी घाई केली नाही. साधारण 24 मिलिमीटर जाडीचं बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या मानेत बसवलेलं असतं. ते दाबाने फुगून काचेला धरून राहतं, त्यावरच सगळी भिस्त. बुचाचा चुरा चिकटवून केलेली स्वस्त बुचं वर्ष-दोन वर्षांच्या वाईनला पुरतात. त्याहून लांबचा बेत असेल तर चांगल्या प्रतीचं, लांब बूच घ्यावं. बूच मारल्यावर बाटल्या तीन ते पाच दिवस उभ्या ठेवल्या, म्हणजे आत दाबली गेलेली हवा बाहेर पडते, आणि मग आडव्या केल्या, म्हणजे बूच ओलं राहतं.

जागा कशी हवी? 12 ते 14 अंश, अंधार, आणि वर्षभर साधारण तेवढंच. प्रत्येकाच्या घरी अशी जागा नसते, माझ्याकडेही तितकी गार जागा नाही. पण मला जे जमवता आलं ते म्हणजे स्थिरपणा. घरातल्या सगळ्यांत आतल्या, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात जाड खोक्यांत बाटल्या ठेवल्या आणि शेजारी कमाल-किमान दाखवणारा तापमापक. जरा जास्त पण स्थिर तापमान वाईनला पुष्कळ सोसतं. दिवसा गरम आणि रात्री गार, हे सोसत नाही. गरम झाली की वाईन फुगून बुचाला ढकलते, गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. उजेडाचं म्हणाल तर तो व्हाइटला जास्त बाधतो. वाईनमधलं रायबोफ्लेविन उजेड शोषतं, आणि त्यातून सुरू होणाऱ्या क्रियेत गंधकाची संयुगं तयार होऊन उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक बाटलीत हे झटकन होतं. सोव्हिन्यॉन ब्लाँ मी हिरव्या बाटल्यांत भरली ती यासाठीच.

बाटल्या भरून काही आठवडे झाले आणि मी दोन्ही वाईन उघडल्या. दोन्ही भरतानाच्या दिवसापेक्षाही मुक्या. वास नाही, चव सपाट. भरताना वाईनला हवा लागते, सल्फाइटची घडी विस्कटते, आणि ती सावरायला वेळ घेते. हा टप्पा वाईनचा खरा चेहरा दाखवत नाही, म्हणून या काळातल्या चवीवरून कुणीही मत बनवू नये.

तीनेक महिन्यांनी व्हाइट उघडली आणि ग्लास नाकाशी नेताच थबकले. गवताचा हिरवा सुगंध, पॅशनफ्रूट, लिंबाची साल. टोचरेपणा गेलेला, यीस्टचा पिठूळ वास गेलेला. हीच ती वाईन, ज्यात सुरुवातीला केळ्याचा गोळीसारखा वास पुढे पुढे करत होता. तो वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या संयुगाचा. गार तापमानात आंबवलेल्या व्हाइटमध्ये यीस्ट तो भरपूर बनवतं, आणि वाईनमधल्या आम्लामुळे तो हळूहळू फुटून विरत जातो. जेवढी जागा गरम, तेवढा लवकर. त्याच्या आड दडलेला द्राक्षाचा स्वतःचा सुगंध मग पुढे येतो.

पण इथे एक पेच आहे आणि तो मला या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. सोव्हिन्यॉन ब्लाँचा तो पॅशनफ्रूटचा सुगंध ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, ती थिऑल नाजूक असतात, ऑक्सिजनने मरतात. म्हणजे केळं विरून जाईपर्यंत थांबायचं, पण पॅशनफ्रूट विरायच्या आत प्यायचं. या दोहोंमधली खिडकी काही महिन्यांचीच. माझी व्हाइट तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान उत्तम होती. वर्षभराने उघडलेली बाटली स्वच्छ होती, पिण्याजोगी होती, पण तिच्यातला तजेला गेला होता. जास्त ठेवली म्हणजे जास्त चांगली होईल, हा समज व्हाइटच्या बाबतीत बहुतेक वेळा नडतो. रिस्लिंगसारखी आंबट, सुगंधी जात याला अपवाद. तिच्यात वर्षांनंतर पेट्रोलसारखा एक वास उमटतो, तो टीडीएन नावाच्या संयुगाचा, आणि काही जणांना तो फार आवडतो.

रेडची गोष्ट वेगळ्याच चालीने गेली. तीन महिन्यांनी ती जवळजवळ तशीच होती. सल्फाइटची झिणझिण गेली होती, यीस्ट गेलं होतं, पण लाकूड अजून वेगळं बसलं होतं. फळ एकीकडे, लाकूड दुसरीकडे. किटमध्ये ओकचं लाकूड दोनदा येतं: आंबवतानाच टाकायची पूड आणि नंतर घालायचे तुकडे. आंबताना टाकलेल्या पुडीतला व्हॅनिलाचा बराचसा सुगंध यीस्ट दुसऱ्या संयुगात बदलून टाकतं, त्यामुळे तो ओक चवीत फार दिसत नाही. त्याचं काम रंग आणि बांधा सांभाळण्याचं. नंतरच्या तुकड्यांतला ओक मात्र उघड कळतो. व्हॅनिलिन, नारळासारखा वास देणारी लॅक्टोन, लवंगेसारखं युजेनॉल, धुरकट ग्वायाकॉल, हे सगळं सुरुवातीला वर तरंगतं. सहा-सात महिन्यांच्या आसपास मी नोंद केली आहे: ‘लाकूड शोधावं लागतं.’ मला फार आनंद झाला होता तेव्हा. ब्लॅककरंट आणि लवंग एकाच श्वासात येत होते.

तुरटपणा सगळ्यांत शेवटी नरमला. सालांतून आलेले टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. ती हिरड्या आवळल्याची जाणीव यातून येते. बाटलीत हे टॅनिन एकमेकांशी आणि अँथोसायनिन या रंगद्रव्यांशी जुळत जातात. साखळ्या बनतात, तुटतात, पुन्हा निराळ्या जुळतात. रंगद्रव्य गुंफलेल्या साखळ्या लाळेला तितक्या घट्ट धरत नाहीत. काही साखळ्या इतक्या मोठ्या होतात की विरघळलेल्या राहू शकत नाहीत आणि तळाशी बसतात. म्हणून जुन्या रेडच्या बाटलीत गाळ दिसला तर तो दोष समजू नये. बाटली एक दिवस उभी ठेवावी आणि वरची निवळ वाईन अलगद ओतून घ्यावी.

हीच घडामोड डोळ्यांनाही दिसते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की कडेचा रंग बघायचा. सुरुवातीला ती कड निळसर जांभळी होती. नवव्या-दहाव्या महिन्यात माणकासारखी लाल झाली. दीड वर्षानंतर कडेला विटेची झाक आली. मोकळं अँथोसायनिन कमी होत जातं आणि टॅनिनला जोडलेला, टिकाऊ रंग मागे उरतो. दर वेळी त्याच खिडकीशी, त्याच कागदावर बघितलं, म्हणून फरक नेमका कळला.

यात हवेचा वाटा किती, हा प्रश्न जुना आहे. 1860 च्या दशकात लुई पाश्चरने काचेच्या नळ्यांमध्ये वाईन भरून त्या बंद केल्या, काही गच्च भरून आणि काही हवेसह. हवा नसलेल्या नळ्यांमधली वाईन फारशी बदलली नाही; हवा असलेल्या नळ्यांमधल्या वाईनचा रंग उतरला, गाळ बसला, चव बदलली. थोडा ऑक्सिजन वाईनला घडवतो आणि जास्त ऑक्सिजन बिघडवतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे. रेडमध्ये ऑक्सिजनमुळे अल्कोहोलपासून किंचित अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते टॅनिन व रंगद्रव्य यांच्यामध्ये पुलासारखं काम करतं. बुचातून आत शिरणारी हवा आणि भरताना मिसळलेली हवा या कामाला पुरते. मुद्दाम हवा द्यायची गरज किट वाईनला मला कधी वाटली नाही.

कार्बॉयमधली अर्धी रेड मी आठेक महिन्यांनी बाटल्यांत भरली. तेव्हा ती आणि लगेच बाटलीत गेलेली वाईन शेजारी ठेवून चाखली. कार्बॉयमधली जास्त शांत होती: वायू पूर्ण गेलेला, तळाला आणखी एक पातळ थर बसलेला, चव एकसंध. बाटलीतलीचा सुगंध किंचित पुढे होता, पण जिभेला एक बारीक चुरचूर अजून जाणवत होती. मोठ्या भांड्यात तापमान हळू बदलतं, आणि सगळी वाईन एकत्र असल्यामुळे बाटली-बाटलीत फरक पडत नाही. मला कार्बॉयची बाजू सरस वाटली. ज्यांच्याकडे दुसरा कार्बॉय आहे त्यांनी रेड तरी आधी त्यात मुरवावी आणि मग बाटलीत भरावी.

पण हे सगळं माझ्या मनाचे खेळ असू शकतात, ही शंका मला सतत होती. आपण केलेली, आपण सांभाळलेली वाईन आपल्याला चांगली लागणारच. म्हणून पहिली रेड वर्षाची झाली तेव्हा त्याच किटची दुसरी रेड नुकतीच निवळून तयार असेल, असा बेत मी आधीच केला होता. दोन्हींमध्ये फरक फक्त वयाचा. मग मोठ्या भावाला आणि वहिनींना बसवलं. प्रत्येकापुढे तीन ग्लास, त्यांतल्या दोन ग्लासांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. रंगावरून कळू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी.

दादाने विचारलं, “यात बरोबर उत्तर काय असतं?”

“चांगली-वाईट काही सांगू नकोस दादा, वेगळा ग्लास कुठला तेवढं सांग.”

नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर यायची शक्यता तीनात एक असते, म्हणून क्रम बदलून पुन्हा पुन्हा विचारलं. दोघंही न अडखळता वेगळा ग्लास दाखवत राहिले. शेवटी मी वहिनींना विचारलं, “तुम्हाला कशावरून कळतंय?” त्या म्हणाल्या, “अगं, एक घोट गिळल्यावर संपतो. दुसरा गिळल्यावर थोडा वेळ राहतो.” मी वर्षभर वहीत जे मांडायचा प्रयत्न करत होते, ते त्यांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी एका वाक्यात सांगितलं. पट्टी सोडून दोघांनी जुन्या वाईनचा ग्लास भरून घेतला आणि नवी तशीच राहिली. माझ्या समाधानासाठी एवढं पुरेसं होतं.

आता जे काळाने सुधारत नाही त्याबद्दल. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘ठेव, मुरल्यावर ठीक होईल’ हा सल्ला फार सैल हाताने दिला जातो. सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आंबवल्यानंतर लगेच हवा देऊन किंवा ढवळून काढला तर जातो. तसाच बाटलीत कोंडला तर त्यातून मर्कॅप्टन, म्हणजे गंधकाची आणखी चिवट वासाची संयुगं, बनू शकतात आणि ते काढणं फार अवघड होतं. व्हिनेगरची झाक असेल तर ती कमी होत नाही. हवा जास्त लागून तपकिरी पडलेली वाईन परत ताजी होत नाही. कॅबर्नेमध्ये कधी येणारा ढोबळी मिरचीचा वास द्राक्षातल्याच पायराझिन या संयुगाचा असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या रेडमध्ये त्याची एक बारीक छटा पहिल्या दिवशी होती आणि आजही आहे. मला ती आवडते, पण मुरवून ती जाईल अशी आशा कुणी धरू नये.

किटच्या काही वाईन ठेवण्यासाठी नसतातच. फळांचा अर्क घातलेल्या, गोडसर, कमी अल्कोहोलच्या किटचा सगळा जीव त्या ताज्या फळाच्या वासात असतो. त्या लवकर प्याव्यात. कमी रसाच्या, पाणी जास्त घालाव्या लागणाऱ्या साध्या रेड किटमध्ये टॅनिन कमी असतं, ती सहा महिन्यांत जेवढी व्हायची तेवढी होते. सालं असलेल्या भारी किटला वर्ष ते दोन वर्षं द्यावीत. ताज्या द्राक्षांपासून केलेली मोठी रेड दहा-वीस वर्षं चढत जाते तशी अपेक्षा किटकडून धरणं योग्य नाही. मुरताना एकमेकांशी जुळायला जेवढं टॅनिन, आम्ल आणि फळ लागतं, तेवढा साठा आटवलेल्या रसात बहुधा नसतो. माझी रेड मला दीड वर्षाच्या आसपास सर्वांत पूर्ण वाटली. दोन वर्षांनी ती उतरली नव्हती, पण आणखी चढलीही नव्हती. अत्तराची कुपी उघडल्यावर आधी तीव्र, मग गोड, मग मंद असा क्रम असतो, तसाच तिचा क्रम मी पाहिला, आणि मला मधला भाग हवा होता.

लवकर मुरावी म्हणून गरम जागी ठेवण्याचाही विचार काही जण करतात. तापमान वाढवलं की सगळ्या क्रिया वेगाने होतात हे खरं, पण सारख्याच पटीने नाही. तुरटपणा जेवढा भराभर नरमतो त्याहून भराभर फळ शिजतं, आणि हाती येते ती जॅमसारखी थकलेली चव.

सॉर्बेटबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. किटमध्ये पोटॅशियम सॉर्बेटची पुडी असते. गोडवा शिल्लक असलेल्या वाईनमध्ये यीस्ट पुन्हा वाढू नये म्हणून ती लागतेच. लांबच्या मुरण्यात मात्र त्यातून एथिल सॉर्बेट बनतं आणि त्याला अननसासारखा किंवा सेलरीसारखा वास असतो. शिवाय सॉर्बेट घातलेल्या वाईनमध्ये मॅलोलॅक्टिक (मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणारे) जीवाणू वाढले तर जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानाचा वास येतो आणि तो जात नाही. म्हणून पूर्ण कोरडी झालेली, नंतर गोड न करायची आणि वर्षभर ठेवायची रेड असेल तर मी सॉर्बेट वगळते, हायड्रोमीटरचं माप काही दिवसांच्या अंतराने सारखं आलं आहे याची खात्री करून. गोड किंवा अर्धगोड किटमध्ये ती मोकळीक मी घेत नाही.

आता रेडचं किट लावताना मी भरण्याच्या दिवशीच बाटल्यांची वाटणी करते. थोडी वाईन 375 मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्यांत भरते. त्या फक्त चाखण्यासाठी, दर तीन-चार महिन्यांनी एक. अर्ध्या बाटलीतली वाईन पूर्ण बाटलीतल्यापेक्षा थोडी लवकर मुरते, त्यामुळे पुढे काय येणार याची आगाऊ सूचनाही मिळते. प्रत्येक खोक्यावर किटचं नाव, भरल्याची तारीख, पीएच आणि सल्फाइट लिहिते. आणि रेडच्या पाठोपाठ लगेच एक व्हाइट लावते. ती तीन महिन्यांत प्यायला होते, घरात उघडायला बाटली असते, आणि रेडच्या खोक्याकडे वेळेआधी कुणाचा हात जात नाही.